सुदृढ बालकाचा आदर्श : एक इतिहास

प्रत्येक समाजाचे आरोग्याविषयीचे आदर्श, त्याला ज्या आपत्तीचे सर्वाधिक भय वाटत आले असेल, त्या आपत्तीच्या विरुद्ध दिशेला घडत जातात. ज्या मुलखात जन्मलेल्या दर पाच अर्भकांपैकी एखादे अर्भक पहिला वाढदिवस पाहण्यापूर्वीच दगावत असे, त्या मुलखात भरल्या गालांचे, मनगटाला आणि मांडीला वळ्या पडलेले मूल पाहताच घरातील वडीलधाऱ्यांना जो दिलासा वाटे, त्यात सौंदर्यदृष्टीपेक्षा मृत्यूचा पहिला घाला परतवून लावल्याचे समाधान अधिक असे. आज त्याच मुलखात बालकांमधील स्थूलता हा राष्ट्रीय आरोग्याचा प्रश्न म्हणून सरकारी परिपत्रकांत आणि बालरोगतज्ज्ञांच्या परिषदांत चर्चिला जात आहे, आणि त्या चर्चेत दोषाचा बराचसा भार आईबापांच्या लाडावर व अज्ञानावर टाकला जातो. परंतु गुटगुटीत मूल हेच निरोगी मूल, ही श्रद्धा आपल्या घरांत दृढ करण्यात सरकार, वैद्यकशास्त्र, समाजसेवी संस्था आणि बाजार या सर्वांचा शंभर वर्षे हात होता. म्हणून या श्रद्धेचा इतिहास तपासल्यावाचून तिचा त्याग करण्याचा उपदेश कोणी कोणाला करू नये.

या श्रद्धेचे मूळ अर्थातच शतकाहून जुने आहे. पाचवीच्या रात्री सटवाईची पूजा करणारी, बाळाच्या गालावर काजळाची तीट लावणारी, टाळू भरणारी, तेलाने अंग रगडून शेक-शेगडी देणारी आणि सहाणेवर गुटी उगाळून चाटविणारी आजी ज्या दक्षतेने वागे, तिच्यामागे पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव उभा होता. देवी, गोवर, पटकी आणि हगवण यांपैकी काय केव्हा दारात येईल याचा नेम नसे. आणि आजारात पहिल्या आठवड्यातच झडून जाणाऱ्या अंगावर चार शेर मांस आधीच चढलेले असेल तर मूल तग धरते, हे निरीक्षण शास्त्राच्या दृष्टीनेही सर्वथा चुकीचे नव्हते. बाळंतिणीला डिंकाचे व अळिवाचे लाडू, उष्टावणानंतर बाळाच्या मऊ भातावर तूप, आणि मूल बाळसे धरू लागले म्हणजे त्याची दृष्ट काढणे, हा सारा शिरस्ता एकाच चिंतेतून निघालेला होता. तथापि, आपल्या परंपरेने स्थूलतेचा सरसकट गौरव केला, असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात ज्या आठ प्रकारच्या देहांना निंद्य म्हटले आहे, त्यांत अतिकृशाबरोबर अतिस्थूलाचाही समावेश आहे. आणि या दोहोंत कृशता परवडली, कारण दोघांनाही व्याधी जडली तर ती स्थूलालाच अधिक पीडते, असा स्पष्ट अभिप्राय तेथे दिलेला आहे. म्हणजे वैद्याला जे ठाऊक होते ते घरातील भयापुढे मागे पडले, आणि त्या काळच्या परिस्थितीत तसे होणे स्वाभाविकही होते.

या भयाचे सर्वांत दारुण रूप विसाव्या शतकाच्या आरंभीच्या मुंबईने पाहिले. 1921 साली मुंबई शहरात नोंदल्या गेलेल्या दर हजार जन्मांमागे अर्भकमृत्यूंची संख्या साडेसहाशेंच्या पलीकडे गेली होती. हा आकडा काही अंशी फुगलेला होता, कारण कोकणातील किंवा घाटावरील माहेरी बाळंत होऊन शहरात परतलेल्या स्त्रियांच्या मुलांचा जन्म गावच्या दफ्तरात आणि मृत्यू मुंबईच्या दफ्तरात नोंदला जाई. पण ही सूट देऊनही जे उरते ते अंगावर शहारा आणणारे आहे. शहरातील बहुसंख्य कुटुंबे एकेका खोलीत दाटीने राहत होती, नळाचे पाणी सामायिक होते, संडास अपुरे होते, आणि गिरणीत दिवसभर राबणाऱ्या आयांना आपल्या तान्ह्या मुलांना अफूची बाळगोळी देऊन निजवून जाण्यावाचून गत्यंतर नसे. अफूच्या गुंगीत पडलेले मूल भुकेने रडत नाही, आणि जे रडत नाही ते पोटभर पीतही नाही. या मुलांची वाळलेली शरीरे ज्यांनी पाहिली, त्या परिचारिकांना, स्त्री-डॉक्टरांना आणि समाजसेविकांना एकेक पौंड वजनासाठी झगडावेसे वाटले, यात नवल ते काय?

नेमक्या याच सुमारास बालप्रदर्शन नावाची एक नवी प्रथा आपल्याकडे आली. तिचा उगम अमेरिकेत झाला. 1854 साली ओहायो संस्थानातील स्प्रिंगफील्ड येथे मुलांची पहिली मोठी स्पर्धा भरली, आणि पुढल्याच वर्षी बार्नम या प्रसिद्ध तमासगीराने न्यूयॉर्कमध्ये तिला प्रेक्षणीय तमाशाचे रूप दिले. 1911 साली आयोवाच्या कृषिप्रदर्शनात या खेळाला शास्त्रीय वळण लागले. जेथे गुराढोरांची पारख गुणपत्रिका हातात घेऊन होते, तेथे मुलांचीही तशीच पारख का होऊ नये, या विचाराने डॉक्टरांकडून मुलांची उंची, वजन, दात व अवयव तपासून गुण देण्याची पद्धत सुरू झाली. इंग्लंडमध्ये या प्रथेला राष्ट्रीय चिंतेची जोड मिळाली. बोअर युद्धासाठी भरतीला आलेल्या तरुणांपैकी मोठा भाग शारीरिक दुर्बलतेमुळे नाकारला गेल्यावर तेथील सरकारने चौकशी समिती नेमली, तिचा अहवाल 1904 साली प्रसिद्ध झाला, 1906 साली शाळेतील मुलांना जेवण देण्याची तरतूद करणारा कायदा झाला, आणि महायुद्धाच्या ऐन धामधुमीत, 1917 साली, तेथे राष्ट्रीय शिशुसप्ताह साजरा करण्यात आला. साम्राज्याला सशक्त शिपाई हवे असतील तर पाळण्यातील मुले आधी सशक्त झाली पाहिजेत, हा त्यामागील हिशेब होता.

हिंदुस्थानात ही चळवळ व्हाइसरॉयांच्या पत्नींच्या आश्रयाने आली. 1885 साली स्थापन झालेल्या डफरिन निधीने स्त्रियांसाठी वैद्यकीय मदतीचा पाया घातला होता. 1920 साली दिल्लीत माता-बालक कल्याणाचे मोठे प्रदर्शन भरले, लेडी चेम्सफर्ड यांच्या नावाने अखिल भारतीय संघटना स्थापन झाली, आणि 1924 च्या सुमारास लेडी रीडिंग यांच्या पुढाकाराने शिशुसप्ताहाची प्रथा ठिकठिकाणी पसरली. महाराष्ट्रात तिला अनुकूल भूमी आधीच तयार होती, कारण रमाबाई रानडे व गोपाळ कृष्ण देवधर यांनी 1909 साली उभारलेल्या पुणे सेवासदनाने परिचारिका व सुइणी शिकवून तयार करण्याचे काम हाती घेतले होते, आणि मुंबईत शिशुकल्याणासाठी स्वतंत्र केंद्रे निघू लागली होती. शिशुसप्ताहात चित्रफलक, मॅजिक लँटर्नची व्याख्याने, बाळाला न्हाऊ घालण्याची प्रात्यक्षिके आणि शेवटच्या दिवशी बालप्रदर्शन, असा साधारण क्रम असे. कलेक्टरसाहेबांची मडम किंवा संस्थानची राणीसाहेब अध्यक्षस्थानी, डॉक्टरीणबाई परीक्षक, आणि मांडवात नटूनथटून आलेल्या मुलांच्या रांगा, हे दृश्य जिल्ह्याच्या गावांनाही परिचयाचे झाले.

या प्रदर्शनांना केवळ साहेबी हौस म्हणून मोडीत काढणे अन्यायाचे होईल. घराचा उंबरा न ओलांडणाऱ्या स्त्रिया पारितोषिकाच्या ओढीने का होईना, पण मूल घेऊन डॉक्टरपुढे आल्या. टोचणीची भीती कमी झाली. स्वच्छ दूध, उकळलेले पाणी आणि नाळ कापण्याचे निर्जंतुक हत्यार या गोष्टी लोकांच्या बोलण्यात आल्या. पण प्रदर्शनाच्या स्वरूपातच एक वैगुण्य होते. परीक्षकाकडे वेळ थोडा, मुले पुष्कळ आणि मापाचे साधन एकच, ते म्हणजे वजनकाटा; त्यामुळे स्वच्छता, दात, डोळे व चलाखी यांचे गुण कागदावर असले तरी बक्षिसाचा कौल सामान्यतः सर्वांत भरलेल्या मुलाकडे झुके, आणि मांडवाबाहेर पडणाऱ्या प्रत्येक आईच्या मनात वजन म्हणजेच आरोग्य हे समीकरण पक्के होई. पुढे नगरपालिका, महिला मंडळे आणि गणेशोत्सव मंडळे यांनी ही प्रथा उचलली व ती सुदृढ बालक स्पर्धा या नावाने इतकी रुळली, की तिचे विलायती मूळ कोणाच्या स्मरणातही राहिले नाही.

ज्या आदर्शाला समाजाची मान्यता मिळते, त्याच्यामागे व्यापार आल्यावाचून राहत नाही. मुंबईच्या डोंगरे यांच्या बालामृताची जाहिरात जुन्या मराठी मासिकांच्या वाचकांना ठाऊकच आहे. त्याहून मोठी शक्ती डबाबंद दुधाची होती. न्यूझीलंडमधील जोसेफ नेथन यांच्या पेढीने दुधाची भुकटी काढून ग्लॅक्सो या नावाने ती विकायला आरंभ केला, गुबगुबीत बालके घडविणारे दूध अशी तिची ख्याती जाहिरातींनी जगभर केली, आणि 1924 साली त्या मालाच्या वितरणासाठी मुंबईत रीतसर कंपनी नोंदविण्यात आली. डब्यावरचे ते गोरे, गुबगुबीत, हसरे बाळ लक्षावधी घरांत फळीवर जाऊन बसले, आणि स्वतःचे सावळे, शेलाटे, पण खेळकर व निकोप मूल आईच्या डोळ्यांना त्या चित्रापुढे उणे वाटू लागले. स्वातंत्र्यानंतर परकी भुकटीचे परावलंबन संपावे म्हणून म्हैसूरच्या अन्नतंत्र संशोधन संस्थेने म्हशीच्या दुधापासून बालान्न तयार करण्याची कृती सिद्ध केली व आणंदच्या सहकारी संघाने ते बाजारात आणले. राष्ट्रीय उद्योगाच्या दृष्टीने ही अभिमानाचीच गोष्ट होती. तरीपण अंगावरच्या दुधापेक्षा डब्याचे दूध मुलाला अधिक भरविते, ही समजूत त्यामुळे ढळली नाही.

बाटलीच्या दुधाचे घातक परिणाम जाणत्यांना फार पूर्वी दिसले होते. डॉ. सिसिली विल्यम्स या विदुषीने 1939 साली सिंगापुरात बोलताना, स्तन्यपानापासून मातांना परावृत्त करणाऱ्या प्रचाराला हत्येचीच उपमा दिली होती. पण बालान्नाच्या विक्रीविषयी जागतिक आरोग्य संघटनेची आचारसंहिता निघण्यास 1981 साल उजाडावे लागले, आणि आपल्या देशात तिच्या आधारे कायदा झाला तो 1992 साली. त्या कायद्याने बालान्नाची जाहिरात निषिद्ध ठरविली आणि डब्यावर बालकाचे किंवा मातेचे चित्र छापण्यास मनाई केली. पाऊणशे वर्षे घरोघर मिरविलेले ते गुबगुबीत बाळ अशा रीतीने कायद्याच्या एका कलमाने डब्यावरून उतरले. आहाराच्या इतिहासात इतके नेमके आणि इतके परिणामकारक कलम क्वचितच आढळेल. पुढे ज्या सुधारणा आपल्याला करावयाच्या आहेत, त्यांना ते आदर्शवत आहे.

दरम्यान, वजन हेच आरोग्याचे माप, या कल्पनेला स्वतंत्र भारताच्या शासनव्यवस्थेनेही आपलेसे केले होते, आणि तेही अत्यंत सबळ कारणासाठी. 1972 च्या दुष्काळात दुष्काळी कामांवर खडी फोडणाऱ्या मजुरांच्या मुलांना सुकडी वाटली गेली, ती पिढी आजही आपल्यात आहे. 2 ऑक्टोबर 1975 रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हा महाराष्ट्रात मेळघाटातील धारणी आणि मुंबईतील धारावी या दोन टोकांच्या ठिकाणी तिचा प्रारंभ व्हावा, हे या राज्यातील दारिद्र्याच्या दोन्ही मुखांचे दर्शन घडविणारे होते. डॉ. डेव्हिड मॉर्ले यांनी नायजेरियातील खेड्यांत विकसित केलेला वाढीचा तक्ता अंगणवाडीच्या भिंतीवर आला, झोळीचा लटकता काटा आला, आणि दरमहा मुलाला झोळीत घालून त्याच्या वजनाचा ठिपका तक्त्यावर मांडणारी अंगणवाडीसेविका ही भारतीय आरोग्यव्यवस्थेतील सर्वांत अल्प मोबदल्यावरची आणि सर्वांत उपयुक्त कामगार ठरली. रेषा वर जाते आहे ना, एवढेच तिने पाहायचे होते. कुपोषण हुडकण्यासाठी घडविलेले ते माप होते; वयाच्या प्रमाणात वजन एवढेच ते सांगे. उंच मूल आणि जाड मूल यांतील भेद त्याला कळत नसे. खालच्या बाजूला पिवळा आणि नारिंगी पट्टा होता, वरच्या बाजूला धोक्याची सूचना देणारा रंग नव्हता. भुकेशी झुंजणाऱ्या देशाला वरच्या बाजूकडे पाहण्याची सवड नव्हती, आणि ती नसल्याबद्दल कोणी त्याला बोल लावू नये.

परंतु परिस्थिती पालटत होती. देशातील अर्भकमृत्यूचे प्रमाण 2020 पर्यंत हजारी 28 वर, आणि महाराष्ट्रात 16 वर उतरले. ज्या भयाने आदर्श घडविला ते भय ओसरले. आदर्श मात्र जागच्या जागी राहिला. इकडे 1991 नंतरच्या तीन दशकांत शहरांतील व निमशहरांतील मुलांचे जीवन मुळापासून बदलले. चाळीच्या चौकात आणि वाड्याच्या अंगणात लगोरी, विटीदांडू व आट्यापाट्या खेळणारी मुले बंद दारांच्या सदनिकांत आली; मैदानांवर इमारती आणि वाहने उभी राहिली; शाळा, शिकवणी आणि पडदा यांत त्यांचा दिवस बसून सरू लागला; पाच-दहा रुपयांच्या पुडीत मीठ, साखर आणि तेल कोपऱ्यावरच्या दुकानात कोणत्याही वेळी मिळू लागले. ज्या महाराष्ट्राने 1914 साली अमरावतीस हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आणि 1924 साली पुण्यास महाराष्ट्रीय मंडळ उभारले, ज्या औंधच्या राजेसाहेबांनी आपल्या संस्थानात सूर्यनमस्काराचा ध्यास घेतला, त्या महाराष्ट्रात शाळेच्या वेळापत्रकातील खेळाचा तास गणिताच्या शिक्षकाने मागून घेण्याचा प्रघात पडावा, ही खेदाची गोष्ट आहे.

या बदलाचा भारतीय शरीरावर होणारा परिणाम अधिक तीव्र का असतो, याचे उत्तर पुण्यानेच जगाला दिले. के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गर्भवतींचा व त्यांच्या अपत्यांचा अभ्यास आरंभिला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे 2.7 किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे 3.5 किलो, पण तुलना करता असे आढळले की पुण्याच्या बाळांत स्नायू आणि अवयव लहान असले तरी त्वचेखालची चरबी त्या मानाने फारशी उणी नव्हती. कृश दिसणारे बाळ चरबीच्या दृष्टीने कृश नव्हते. 2004 साली लॅन्सेट या नियतकालिकात डॉ. याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. युडकिन यांचे छायाचित्र प्रसिद्ध झाले, त्यात दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक 22.3 असा तंतोतंत सारखा होता, पण शरीरातील चरबीचे प्रमाण युडकिनांचे 9.1 टक्के आणि याज्ञिकांचे 21.2 टक्के होते. गर्भावस्थेत अन्नाला पारखे झालेले शरीर पुढे सुबत्ता आली म्हणजे तिचे चरबीत रूपांतर करण्यात तत्पर असते, आणि मधुमेह व हृद्रोग त्याच्या मागे लवकर लागतात. म्हणूनच आपल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2015 साली भारतीय मुलांसाठी जे वाढीचे तक्ते प्रसिद्ध केले, त्यांत जादा वजनाची व स्थूलतेची रेषा प्रौढांच्या 23 व 27 या निर्देशांकांशी जुळवून, म्हणजे पाश्चात्त्य मापापेक्षा खाली आखली.

येथे एक इशारा आवश्यक आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालील जादा वजनाच्या मुलांचे प्रमाण 2015-16 मधील 2.1 टक्क्यांवरून 2019-21 मध्ये 3.4 टक्क्यांवर गेले, हे खरे. पण त्याच पाहणीत खुरटलेल्या मुलांचे प्रमाण 35.5 टक्के होते. ज्या देशात दर तीन मुलांपैकी एक मूल वयाच्या मानाने खुजे आहे, त्याने स्थूलतेच्या चर्चेत भुकेचा विसर पडू देणे हे पाप ठरेल. सत्य असे आहे की हे दोन प्रश्न परस्परांचे शत्रू नसून सख्खी भावंडे आहेत: आज अर्धपोटी गर्भारपण काढणाऱ्या आईचे मूल उद्या पुडीतील खाऊवर वाढले, तर तेच मूल सर्वांत मोठ्या धोक्यात असते. 2025 साली युनिसेफने जाहीर केले की जगातील पाच ते एकोणीस वर्षे वयाच्या मुलांत स्थूल मुलांचे प्रमाण (9.4 टक्के) प्रथमच कमी वजनाच्या मुलांच्या प्रमाणापुढे (9.2 टक्के) गेले. आपण त्या वळणावर पोहोचण्यापूर्वी सावध होण्याची संधी अद्याप आपल्या हातात आहे.

सरकारने काहीच केले नाही, असे नाही. महाराष्ट्र शासनाने 2017 साली शाळांच्या उपाहारगृहांतून अतिमेद, अतिमीठ व अतिसाखरेच्या पदार्थांना मज्जाव केला. 2020 साली केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने शाळेच्या आवारात आणि त्याभोवतीच्या 50 मीटरांत अशा पदार्थांची विक्री निषिद्ध ठरविली. 2025 साली केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने साखरेचे प्रमाण दाखविणारे फलक लावण्याचा आदेश आपल्या शाळांना दिला. पण हुकूम निघणे आणि त्याचा अंमल होणे यांत आपल्याकडे नेहमीच मोठे अंतर राहिले आहे, आणि कोणत्याही शाळेच्या फाटकासमोर दुपारी उभे राहिल्यास ते अंतर डोळ्यांनी मोजता येते. इंग्लंडने, जेथे शतकापूर्वी कृश मुलांच्या चिंतेने शिशुसप्ताह भरविले गेले, शाळेत दाखल होताना व प्राथमिक शाळा सोडताना प्रत्येक मुलाची उंची आणि वजन घेण्याचा राष्ट्रीय उपक्रम 2005-06 पासून चालविला आहे, आणि 2018 पासून गोड पेयांतील साखरेवर उत्पादकांकडून कर वसूल केला आहे. आपल्याकडेही 2013 साली पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळांपर्यंत आणि अंगणवाड्यांपर्यंत पोहोचतात. म्हणजे मापनाची यंत्रणा उभी आहे, तिला पुरेशी माणसे आणि पाठपुराव्याची शिस्त हवी आहे.

या इतिहासातील सर्वांत आशादायक घटना 2022 सालातील आहे. पोषण अभियानाखाली केंद्र सरकारने सहा वर्षांखालील मुलांसाठी स्पर्धा भरविली, आणि तिच्यात वयानुसार उंची व वजन योग्य मर्यादेत असलेले मूल निरोगी मानण्याचे ठरविले. शंभर वर्षांपूर्वी ज्या स्पर्धेने वजनाला मुकुट चढविला, तिनेच आता प्रमाणबद्धतेला मान देणे, ही योग्य दुरुस्ती आहे; आणि एक संस्था जर चुकीचा आदर्श रुजवू शकते, तर तीच योग्य आदर्शही रुजवू शकते, हा या साऱ्या वृत्तान्ताचा निष्कर्ष आहे.

म्हणून वाचकांना एवढीच विनंती, की आपल्या गावच्या मंडळाने यंदा सुदृढ बालक स्पर्धा भरविली तर वजनकाट्याशेजारी उंचीपट्टी ठेवण्याचा आग्रह धरावा. शाळेच्या पालकसभेत गुणांइतकीच खेळाच्या तासाची आणि फाटकाबाहेरच्या विक्रीची चौकशी करावी. जाड मुलाला चारचौघांत टोपणनाव देऊन त्याची मानहानी करणे थांबवावे, कारण लाजेने कोणाचे शरीर सुधारलेले नाही. आणि वर्षातून दोनदा मुलाची उंची-वजनाची रेषा बालरोगतज्ज्ञांकडून किंवा अंगणवाडीत तपासून घ्यावी. आपल्या आजी-पणजींनी मुले जगावीत म्हणून जिवाचे रान केले, त्यात त्या यशस्वी झाल्या. ती मुले निकोप वाढावीत, ही जबाबदारी आता आपल्या पिढीची आहे.